मिठीचं मुख मोकळं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न असा आहे: कॅनडातल्या टोरंटो शहराने डॉन नदीचं मुख नव्याने खोदलं, बुजवलेली दलदल परत आणली आणि भोवतालची जमीन पुरातून सोडवली. मिठी नदीच्या माहीमच्या मुखाशी असंच केलं तर कुर्ला, कलिना, वांद्रे-कुर्ला संकुल हे भाग बुडायचे थांबतील का? आणि असं काम प्रत्यक्षात करतात कसं?

थोडक्यात उत्तर: मुख सुधारलं तर पुराची पातळी उतरेल आणि पाणी लवकर ओसरेल. पण सखल वस्त्या एवढ्याने कोरड्या राहणार नाहीत. त्यांच्यासाठी प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी झडप, साठवण तळं आणि पंप अशी वेगळी व्यवस्था लागते. दोन्ही कामांना सगळ्यात आधी लागते ती जागा, आणि तीही ठरावीक पातळीवरची. मुंबईत नेमकी तीच आपण भर घालून संपवत आलो आहोत. म्हणून खालचं सगळं पातळी आणि जागा या दोन गोष्टींभोवती फिरतं.

आधी डॉनचं काम काय होतं ते पाहू. ही नदी १८८० च्या दशकात सरळ करण्यात आली. पुढे तिच्या मुखाजवळची विस्तीर्ण दलदल बंदरासाठी भरली आणि नदीला काटकोनात वळवून किटिंग कालव्यात घातलं. काटकोनी वळणावर पाण्याचा वेग मरतो, गाळ बसतो, बर्फ आणि ओंडके अडकतात आणि पाणी मागे चढतं. १९५४ च्या हेझल वादळात टोरंटो आणि आसपासच्या भागात ८१ माणसं गेली. नव्या कामासाठी पुराचं माप म्हणून तेच वादळ धरलं. २०१७ मध्ये केंद्र, प्रांत आणि शहर अशा तिन्ही पातळ्यांवरच्या सरकारांनी मिळून १२५ कोटी कॅनेडियन डॉलर मंजूर केले, सुमारे एक किलोमीटरची नवी नदी-दरी खोदली आणि २०२४ मध्ये तिच्यात पाणी सोडलं. जमीन जुन्या कारखान्यांची आणि तेलाच्या टाक्यांची होती, त्यामुळे दूषित भूजल नदीत झिरपू नये म्हणून तळाशी अडथळ्याचे थर घालावे लागले. खोदताना जुन्या दलदलीची माती उघडी पडली आणि शंभरेक वर्षं गाडलं गेलेलं बी त्यातून उगवून आलं. गाळ आणि ओंडके मुखाच्या वरच्या अंगाला एकाच ठिकाणी अडवून काढायची जागाही त्यांनी आराखड्यातच धरली. यातलं आपण जसंच्या तसं उचलावं असं हेच एक.

बाकीचं उचलता येत नाही, कारण डॉन ज्याला मिळते त्या ओंटारिओ सरोवराला नाव घेण्यासारखी भरती-ओहोटी नाही. तिथे रुंद दरी केली की पाणी उताराने निघून जातं. माहीमला दिवसातून दोनदा समुद्रच दार लावतो.

हे दार किती वेळ बंद असतं, त्याचा हिशोब करू. चार्ट डेटम म्हणजे नौकानयनाच्या नकाशांचा शून्य. मुंबईत समुद्राची सरासरी पातळी या शून्याच्या सुमारे २.५ मीटर वर आहे. उधाणाची, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराची, सरासरी भरती ४.४ मीटरपर्यंत चढते, ओहोटी ०.८ पर्यंत उतरते. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरती-ओहोटीला, भरती ३.३ आणि ओहोटी १.९. समजा एखाद्या वस्तीचा सर्वांत सखल कोपरा ३.० मीटरला आहे. उधाणाच्या दिवशी प्रत्येक भरतीत साधारण सव्वापाच तास बाहेरचं पाणी त्या कोपऱ्याहून उंच असतं. तेवढा वेळ नाला वाहत नाही, आणि झडप नसेल तर उलटा वाहतो. तोच कोपरा ३.६ मीटरला असता तर दार चार तासांपेक्षा थोडं कमी बंद राहिलं असतं. भांगाला फरक आणखी मोठा: ३.० च्या कोपऱ्याला पावणेचार तास बंद, ३.६ च्या कोपऱ्याला एक मिनिटही नाही. फक्त साठ सेंटिमीटरने हा फरक पडतो. म्हणून या कामात दहा-पंधरा सेंटिमीटरची चूकसुद्धा लहान मानायची नाही.

२६ जुलै २००५ ला हेच सगळं एकत्र आलं. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७३. सांताक्रूझचा बहुतेक पाऊस दुपारी अडीचनंतरचा, आणि ३ वाजून ५० मिनिटांनी ४.४८ मीटरची भरती. विहार-पवईपासून माहीमपर्यंतची १७.८४ किलोमीटरची नदी वरून भरून येत होती आणि खालून दार लागत होतं.

मग मुखाशीच मोठा दरवाजा बांधून समुद्र अडवावा, आत पंप लावावेत, ही सूचना दर पावसाळ्यात कुणीतरी करतं. आकडे मांडून पाहा. मिठीचं पाणलोट सुमारे ७३ चौरस किलोमीटर. त्यावर ताशी ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि ८० टक्के वाहून आला, तर सेकंदाला ८०० घनमीटर होतात. हाजी अली किंवा इर्ला उदंचन (पंपिंग) केंद्रातला एक पंप सेकंदाला ६ घनमीटर फेकतो. म्हणजे तसे १३० च्या वर पंप. बरं, सगळं पाणी एकाच वेळी मुखाशी पोहोचत नाही, म्हणून निम्मा म्हणजे ४०० घनमीटरचा सरासरी विसर्ग धरा आणि दार पाच तास बंद ठेवा. ७२ लाख घनमीटर पाणी आत साठवावं लागेल. दोन मीटर खोलीची साठवण मिळाली तरी त्याला ३६० हेक्टर जागा लागते. वांद्रे-कुर्ला संकुलाचं एकूण क्षेत्र ३७० हेक्टर आहे, आणि ते उभं आहे ते मिठी, वाकोला नाला आणि माहीमच्या खाडीकाठच्या सखल जमिनीवर भर घालून. एवढी साठवण तिथे निसर्गाने दिलेलीच होती. ती आता परत मिळणार नाही. म्हणून मुख्य नदीवर दरवाजा नको. नदी समुद्राला मोकळीच ठेवायची, आणि दरवाजे लावायचे ते तिला मिळणाऱ्या नाल्यांवर.

उरलेली खाजणं, म्हणजे भरतीचं पाणी चढणाऱ्या खाऱ्या सखल जमिनी, आणि कांदळवनं वाचवायची ती केवळ पाखरांसाठी नव्हे. खाडीचं मुख खोल ठेवण्याचं काम भरती-ओहोटीचं येणारं-जाणारं पाणीच करतं. एक हेक्टर खाजणावर भरतीला सरासरी एक मीटर पाणी चढत असेल, तर १०,००० घनमीटर पाणी मुखातून आत येतं आणि तेवढंच ओहोटीला जोराने बाहेर जातं. वर्षाला अशा सुमारे ७०० भरत्या होतात. म्हणजे ७० लाख घनमीटर पाणी मुखाचा तळ फुकट खरवडून जातं. त्या हेक्टरवर डेब्रिज टाकलं की तेवढी खरवड कायमची बंद. मग मुख अरुंद आणि उथळ होतं, गाळ काढला तरी पुन्हा भरतो, आणि लोक म्हणतात की गाळ नीट काढत नाहीत. कधीकधी ते खरंही असतं. पण आतली खाजणं भरली गेली असतील तर कितीही प्रामाणिकपणे गाळ काढला तरी तळ जुन्या जागेवर टिकत नाही.

आता कामाकडे येऊ. पहिलं काम पातळ्यांचं, आणि पहिली मोठी चूकही इथेच होते. बंदराच्या भरतीच्या तक्त्यात उंची चार्ट डेटमवर असते. सर्वेक्षण खात्याच्या खुणा समुद्राच्या सरासरी पातळीवर असतात. महापालिकेच्या पर्जन्यजल वाहिन्यांची रेखाटनं टाऊन हॉल डेटम या वेगळ्याच शून्यावर असतात, त्यात सखल भागाची पातळी २७ किंवा २८ मीटर अशी दिसते. तीन कागद, तीन शून्य. काम सुरू होण्याआधी मुखापासून कुर्ल्यापर्यंत पक्क्या खुणा बसवाव्यात, प्रत्येक खुणेवर तिन्ही डेटमचे आकडे कोरावेत आणि सगळी रेखाटनं एकाच डेटमवर आणावीत. हे झालं नसेल तर झडपेची उंची, भिंतीचा माथा आणि रोपांची जागा, तिन्ही चुकतात.

मग मोजणी. नदीपात्राचे आडवे छेद दर ५० मीटरला घ्यावेत. पुलाशी जास्त: वरच्या अंगाला, खालच्या अंगाला आणि पुलाखाली. खाडीत तळ मोजायला दोन कंपनसंख्यांचा प्रतिध्वनी-मापक वापरावा, कारण मिठीच्या तळाशी ताकासारखा पातळ चिखल असतो. उच्च कंपनसंख्या त्या चिखलाचा वरचा थर दाखवते, कमी कंपनसंख्या खालचा घट्ट तळ. दोन्हींतलं अंतर कळलं नाही तर गाळ किती आहे तेही कळत नाही. पाण्याची पातळी नोंदणारी स्वयंचलित यंत्रं निदान चार ठिकाणी लावावीत: माहीम कॉजवे, वांद्र्याचे रेल्वे पूल, वाकोला नाल्याचा संगम आणि कुर्ला. दर पाच-दहा मिनिटांनी एक नोंद. कोरड्या दिवसांत किमान १५ दिवस, म्हणजे एक उधाण आणि एक भांग मिळेल, आणि शिवाय एक पूर्ण पावसाळा. या नोंदींतून भरती आत किती पोहोचते आणि कुठल्या पुलाशी पाणी अडतं ते उघड होतं. त्यावरच नदीचं संगणकीय प्रतिमान (मॉडेल) जुळवून घ्यायचं. असलं काम खडकवासल्याचं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र वर्षानुवर्षं करत आलं आहे. एकही पावसाळा न मोजता केलेलं प्रतिमान पूर्वानुमानासाठी वापरू नये.

पात्राचा आकार ठरवताना नुसती खोली वाढवायचा मोह टाळावा. दोन उथळ भागांमधला एकच खोल खड्डा काही उपयोगाचा नसतो. तो एका पावसाळ्यात भरतो. पुराच्या वेळी कामाला येते ती वरच्या पातळीवरची रुंदी. म्हणून छेद दुहेरी ठेवावा. मधे ओहोटीचं पाणी वाहतं ठेवणारी खोल धार, आणि दोन्ही बाजूंना तीन मीटरच्या आसपास, म्हणजे सरासरी समुद्रपातळीच्या थोडी वर, सपाट पायरी. त्या पायरीवर कांदळवन राहील. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: दाट कांदळवन पाण्याचा वेग अडवतं. मोकळ्या धारेच्या तुलनेत तिथला खरबरीतपणा तिप्पट-चौपट असतो. किनाऱ्याला लाटांपासून ते वाचवतं, पण मुख्य धारेत ते वाढलं तर वरच्या अंगाला पातळी चढते. म्हणून धार मोकळी हवी आणि बाजूची पायरी हिरवी हवी. धारेतली झाडं काढायची म्हटलं तर उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय काढता येत नाहीत, आणि हा नियम कडक आहे तेच बरं. रुंदी मिळवायला आधी हात घालावा तो डेब्रिजच्या भरावाला आणि पात्रात आलेल्या शेड-गोदामांना.

पुलांचं पाहावं लागेल. माहीम कॉजवे १८४५ चा. त्याच्या मागे रेल्वेचे आणि रस्त्यांचे पूल, आणि पुलांलगत ओलांडून गेलेले पाण्याचे आणि केबलचे पाइप. सेकंदाला ३०० ते ३००० घनमीटर विसर्गाच्या पुलाखाली पूरपातळीच्या वर १.२ मीटर मोकळी उंची लागते, असा भारतीय रस्ते काँग्रेसचा दंडक आहे. जुन्या पुलांना ती नसते. मग पाइपला प्लास्टिक आणि गाद्या अडकतात आणि पुलाचा बांध होतो. पूल नवा बांधायला दहा वर्षं लागतील. पण पाइप उचलून पुलाच्या कठड्यालगत घेणं किंवा तळाखालून नेणं एका उन्हाळ्यात होतं, आणि खर्चाच्या मानाने फायदा फार. हे काम नेहमी मागे पडतं, कारण पाइप एका खात्याचा, पूल दुसऱ्याचा आणि नदी तिसऱ्याची.

गाळाबद्दल. डंपरच्या वजनावर पैसे देण्याची पद्धत मुळातच सदोष आहे. ताजा उपसलेला चिखल घनमीटरला १.२ ते १.३ टन भरतो, आणि त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. वजनात डेब्रिज मिसळलं तर काट्यावर कळत नाही. पैसे द्यावेत ते छेदावर: कामाआधीचा छेद, कामानंतरचा छेद, दोन्ही एकाच खुणेवरून आणि कंत्राटदाराशी संबंध नसलेल्या माणसाने घेतलेले. शिवाय तिसरा छेद पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात. किती परत भरलं ते त्याच छेदाने कळतं. कुठे दरवर्षी तेवढाच गाळ भरतो ते ठाऊक झालं की डॉनसारखा गाळ-सापळा कुठे करायचा ते आपोआप ठरतं. मिठीत ती जागा भरतीच्या टप्प्याच्या वर हवी. पाणी तिथे गोडं असतं, वाळू-खडी तिथेच बसते आणि पोकलेनला काठावर उभं राहता येतं. खाली खाडीत गेलेला गाळ बार्जवरून काढावा लागतो, आणि तो काळा, सडका, धातू आणि तेल मिसळलेला असतो. टाकायच्या आधी त्याची तपासणी हवी.

भिंत. २००५ नंतर मिठीच्या बऱ्याच काठांना काँक्रीटच्या भिंती आल्या. भिंत नदीचं पाणी वस्तीत येऊ देत नाही हे खरं. पण वस्तीचं पाणीही ती नदीत जाऊ देत नाही. भिंतीला ठेवलेल्या प्रत्येक भोकाला झडप नसेल तर नदी त्याच भोकांतून आत येते. मुंबईच्या खाडीकाठी मऊ सागरी चिखलाचा जाड थर असतो. चार मीटर उंचीचा मातीचा बांध आठ-दहा मीटर चिखलावर घातला तर अर्धा मीटर आणि त्याहूनही जास्त खचणं नवल नाही, आणि ते एका वर्षात थांबत नाही. म्हणून बांध टप्प्याटप्प्याने चढवावा. खाली भूवस्त्र (मातीखाली अंथरायचं मजबूत कापड) आणि चिखलातलं पाणी वर काढणाऱ्या उभ्या निचरापट्ट्या घालाव्यात, आणि माथा खचण्याएवढा जास्त उंच ठेवून बांधावा. पायथ्याशी दगडाचा थर हवा. तारेच्या जाळीतले दगड खाऱ्या पाण्यात टिकत नाहीत. जस्ताचा मुलामा दिलेली तारही काही वर्षांत खाल्ली जाते आणि दगड मोकळे होतात.

आता सखल वस्त्यांकडे. खरा फरक इथेच पडतो. कोकणातल्या कुठल्याही खारबंदिस्तीवर ही रचना दिसते: बाहेरकाठा म्हणजे बाहेरचा बांध, त्यात उघाडी म्हणजे पाण्याचं दार, आत पाणी थांबायला सखल जागा. गोव्याच्या खाजन शेतीत उघाडीला मानस म्हणतात आणि आतल्या तळ्याला पोंय. लाकडी दार वरून टांगलेलं असतं. बाहेर भरती चढली की तिच्या दाबाने ते बंद होतं, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतं. शहरातली झडप हीच, फक्त ओतीव लोखंडाची किंवा जाड प्लास्टिकची. पण तळं विसरून नुसती झडप लावली तर काय होतं ते हिशोबाने पाहा.

एक चौरस किलोमीटरची वस्ती. झडप बंद असताना तीन तास ताशी ५० मिलिमीटर पाऊस, ८० टक्के वाहून येतो. एकूण १,२०,००० घनमीटर. वापरण्याजोगी खोली दीड मीटर असलेलं तळं एका हेक्टरला १५,००० घनमीटर साठवतं. पंपाशिवाय भागवायचं तर आठ हेक्टरचं तळं हवं. ते मिळणार नाही. दोन हेक्टर मिळाले तर ३०,००० साठतील आणि ९०,००० तीन तासांत उपसावे लागतील, म्हणजे सेकंदाला ८.३ घनमीटर. सेकंदाला ३ घनमीटरचे तीन पंप चालू आणि एक राखीव. तळं अजिबात नसेल तर सेकंदाला ११ घनमीटरच्या वर पंप लागतात. शिवाय पाऊस वाढला की पंप लगेच कमी पडतात, कारण मधे श्वास घ्यायला जागाच नसते. मोकळी जमीन नसेल तर मैदानाखाली टाकी होते. हिंदमाता या दादरजवळच्या सखल भागासाठी परळ आणि दादरच्या मैदान-बागांखाली तशा टाक्या केल्याच आहेत. जमिनीवरच्या तळ्यापेक्षा खर्च कितीतरी जास्त, पण मैदान मैदान राहतं.

तळ्याची पाणीपातळी पावसाळ्यात खालीच ठेवायची असते. ते भरलेलं छान दिसतं म्हणून बागेसारखं भरून ठेवलं की साठवण गेली. नवी मुंबईत सिडकोने धारण तलाव आणि झडपांची रचना शहराच्या आराखड्यातच घातली, ही फार मोलाची गोष्ट. पण अनेक तलाव गाळाने भरले आणि त्या गाळात कांदळवन उगवलं. आता गाळ काढायचा तर झाडं तोडावी लागतात, आणि त्यासाठी न्यायालयात जावं लागतं. यातून घ्यायचं ते एवढंच: पहिल्या वर्षापासून दरवर्षी गाळ काढा. तळ्यात गाळ साचून उघडा पडणारा भाग दरवर्षी कापून काढा. गाळ तिवरीच्या, म्हणजे कांदळवनातल्या झाडाच्या, पातळीला पोहोचला की मग ते तळं राहत नाही, कायद्याने संरक्षित जंगल होतं.

झडपा बिघडतात त्या चारच कारणांनी. बैठकीत, म्हणजे दार जिथे टेकतं तिथे, प्लास्टिकची पिशवी किंवा लाकूड अडकतं आणि दार बोटभर उघडं राहतं. बैठकीवर कालवं बसतात. बिजागऱ्या गंजतात. आणि खाली गाळ साचून दार उघडतच नाही. म्हणून प्रत्येक झडपेमागे वर उचलायचा एक दुसरा दरवाजा असावा. झडप अडकली तर तो पाडता येतो आणि दुरुस्तीलाही उपयोगी पडतो. बिजागऱ्या आणि बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. आतल्या बाजूला कचऱ्याची जाळी हवी: गजांमधलं अंतर ५० ते ७५ मिलिमीटर, जाळी तिरकी, आणि कचरा ओढून काढणारं यांत्रिक दातेरी फावडं. हाताने कचरा काढायला माणूस उभा करणं पावसात धोक्याचं, आणि खरोखर मोठ्या पावसात तो माणूस तिथे पोहोचतही नाही. पंपाचे विजेचे पॅनेल २००५ च्या पूरखुणेच्या एक मीटर वर आणि जनित्र त्याच पातळीवर. पुरात वीज जाते, हे धरूनच चालायचं.

कांदळवनाची लागवड हे सगळ्यात जास्त फोटो निघणारं आणि सगळ्यात जास्त फसणारं काम. तिवर सरासरी समुद्रपातळीच्या थोडं वर ते उधाणाच्या भरतीच्या थोडं खाली, म्हणजे मुंबईत साधारण २.८ ते ४.२ मीटरच्या पट्ट्यात जगतं. त्याखालच्या उघड्या चिखलात लावलेली रोपं बुडून मरतात, तरी तिथेच लावली जातात, कारण मोकळी जागा तीच दिसते. योग्य पद्धत अशी: शेजारच्या निरोगी तिवरांच्या मुळाशी जमिनीची पातळी मोजावी. डेब्रिज काढून भराव त्याच पातळीला, दहा सेंटिमीटरच्या आत आणावा. भरती-ओहोटीचं पाणी प्रत्येक कोपऱ्यात जाईल-येईल अशा नागमोडी चऱ्या काढाव्यात. पाणी कुठेही तुंबून राहता कामा नये. तिवरीची जमिनीतून वर आलेली श्वासमुळं सलग बरेच दिवस बुडून राहिली की झाड जातं. एवढं झालं की एक पावसाळा थांबावं. तिवरीचं बी पावसाळ्यात गळतं आणि पाण्यासोबत आपणच येतं. जिथे आलं नाही तिथेच दीड मीटरवर एक रोप लावावं. आणि खाडीच्या बाजूला प्लास्टिक अडवणारी तरंगती साखळी लावावी, कारण पिशव्या कोवळ्या रोपांना गुंडाळून आडव्या पाडतात. खराब जमिनीवरही झाडं उभी राहतात याचा पुरावा मुखाशेजारीच आहे. महाराष्ट्र निसर्ग उद्यानाची ३७ एकर जागा एकेकाळी शहराच्या कचऱ्याची होती.

सांडपाण्याचं थोडक्यात. नाल्यांतलं मलजल थांबल्याशिवाय मुखाशी जीव परतणार नाही. पावसाळ्याव्यतिरिक्तचं पाणी नाल्यातच अडवून प्रक्रिया केंद्राकडे वळवणं हा मार्ग बरोबर आहे. पण वळवायचा बंधारा नाल्याच्या तळावर कायमचा काँक्रीटचा करू नये. पहिल्या मोठ्या पावसात तो नाल्याची पाणी वाहायची जागा खातो. तो आडवा पडणारा असावा.

वरच्या अंगाला एक स्वस्त गोष्ट राहून जाते. भरलेला तलाव पूर अडवत नाही. पवई तलावाचा पसारा सुमारे दोन चौरस किलोमीटर आहे, त्याचा वरचा अर्धा मीटर रिकामा ठेवला तर सुमारे १० लाख घनमीटर पाणी थांबतं. अतिवृष्टीचा इशारा आल्यावर ते सोडायला दोन-तीन दिवस लागतात, शिवाय ते सोडायचं ओहोटी बघून, म्हणून सांडव्यावर नियंत्रित दार हवं.

कामं कुठल्या क्रमाने करायची, असा पुढचा प्रश्न येईलच. आधी खुणा आणि मोजणी. त्याच वर्षी डेब्रिज टाकणाऱ्या डंपरांवर पहारा, कारण गेलेली खाजण-जमीन परत मिळवायला कितीतरी पट खर्च येतो. मग पुलांखालचे पाइप. मग एका सखल खोऱ्यात झडप, तळं आणि पंप पूर्ण बसवून दोन पावसाळे चालवून पाहणं, आणि नंतर बाकीची खोरी. पात्र रुंद करणं आणि वरचा गाळ-सापळा त्याच्या जोडीने. लागवड शेवटी.

आणि मे महिन्यातल्या मोठ्या उधाणाला प्रत्येक झडपेची कोरडी चाचणी करावी. पाऊस नसतो, नाल्यात पाणी थोडं असतं, बाहेर समुद्र चढलेला असतो. आतल्या बाजूला भिंतीवर रंगाने मोजपट्टी काढलेली असावी आणि भरतीच्या तीन तासांत आतलं पाणी किती चढलं ते दर पंधरा मिनिटांनी लिहावं. नाल्याच्या स्वतःच्या सांडपाण्यामुळे जेवढं चढेल त्याहून जास्त चढलं तर झडप गळते. पहिल्या जोराच्या पावसाआधी अजून एक भांग हातात असतो, बैठक साफ करायला तो पुरतो.